धर्माची खुंटी

दिवेलागणीला फणसवाडीत शेवंतीची सुपारी फुटायची होती. नवरा मुलगा करी रोडचा गिरणी कामगार, धर्मा. शेवंतीचे थोरले चुलते तात्या गुडघेदुखीनं घरीच बसलेले. तेव्हा पोर कसल्या माणसाच्या हाती जाते हे पाहायला तिची विधवा आई जाईबाई दुपारी एकटीच त्याच्या खोलीवर गेली. ती कोण, हे फक्त तिथल्या खानावळवाल्या पुतळाबाईला ठाऊक.

खोलीत बारा गडी, बारा खुंट्या. पहिलीवर सदरा, कोपराचं ठिगळ असं, की शिवण नजरेला सापडू नये. खाली घडीची घोंगडी, फडक्यात जपलेला आरसा. जाईबाईचा जीव ओल्या मातीसारखा मऊ झाला.

"ती विठोबाची गे!" पुतळाबाई चुलीपाशी हसली. "धर्माची ही, दाराकडची."

तिथं नुसता सदरा, गुंडी एकही नाही. ना अंथरूण, ना आरसा.

"इतका गबाळा?"

"विठोबाची बोटं गिरणीच्या साच्यात गेली. त्याचं ठिगळ धर्मानंच लावलं. घोंगडी धर्माची, आरसाही धर्माचा. कुणी मागायची खोटी, देतो मेला!"

जाईबाई गोंधळली. सुई आहे, सूत आहे, हातात कसब आहे. मग स्वतःच्याच सदऱ्यापाशी येऊन तो हात का थांबतो?

भोंगा झाला. केसांत कापूस घेऊन गडी जेवायला आले. "बस रे धर्मा," पुतळाबाईनं ताट ठेवलं. त्यानं दारात टेकलेली बाई पाहिली आणि ताट तिच्यापुढे सरकवलं.

"कुणाकडच्या तुम्ही, मावशी? तोंड सुकलंय. जेवा."

"अरे, तुझं ताट ते!"

"मी पाण्यावर गिरणी ओढीन."

"हा स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या दुसऱ्याला बांधील!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, धर्माही.

जावयाच्या घरचं पाणीही सासूनं घेऊ नये. पण नको म्हणावं तर ओळख द्यावी लागणार. आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं भाकरी मोडली. कालवण गोड लागलं, त्या गोडीचीच धास्ती वाटली. तांब्याभर पाणी पिऊन धर्मा भोंग्यासरशी निघूनही गेला.

"काय ठरलं गे?" पुतळाबाईनं विचारलं.

"उपाशी ठेवील माझ्या पोरीला."

"म्हणजे नाही?"

"नाही कुठं म्हटलं? तात्यांना सांगते, फोडा सुपारी. अन् शेवंतीला सांगते, नवऱ्याच्या आधी तू जेवत जा."

"अगो बाई! लोक काय म्हणतील?"

जाईबाई उठली, आणि आपल्याच विचारात फणसवाडीच्या वाटेऐवजी उलट परळच्या अंगाला चालू लागली. पुतळाबाईला हाक मारून तिला वळवावं लागलं.