जास्तीचं हाड

हेमांगीने एक्स-रे खिडकीच्या काचेला लावून धरला आणि मालूमावशींना जवळ बोलावलं.

"ही रेघ दिसतेय? डोक्याच्या मागे. डॉक्टर म्हणाले, जुनं फ्रॅक्चर असू शकतं. अंतरा कधी पडलेली?"

आदल्या दिवशी आठ महिन्यांच्या अंतराचं कपाळ पलंगाच्या कडेवर आपटलं, म्हणून एक्स-रे काढला होता. टेंगूळ पुढे होतं, रेघ मागे.

"माझ्या हातून नाय पडली, ताई," मालू म्हणाली. कोपरच्या खाडीकाठावरून ती पाच महिने अंतराला सांभाळायला येत होती. "कवाच नाय."

"मग कोणाच्या हातून? दिवसभर तुम्हीच असता तिच्यापाशी."

हेमांगीचे सासरे, श्रीपाद, कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. पानही उलटलं नाही.

"उद्यापासून येऊ नका," हेमांगी म्हणाली.

मालूने अंतराच्या पावलाला हात लावला, पिशवी घेतली आणि गेली.

तीन आठवड्यांपूर्वी, मालू स्वयंपाकघरात खिमट ढवळत असताना, श्रीपादांनी अंतराला दिवाणावरून उचललं होतं. पकड सुटली. ती निसटून खालच्या गादीवर पडली, रडली, पाच मिनिटांत हसायला लागली. सांगण्यासारखं काय होतं त्यात? आता मात्र अंतराने त्यांच्याकडे हात पसरले की ते काहीतरी निमित्त काढून उठत.

शुक्रवारी हेमांगी आणि तिचा नवरा साकेत अंतराला ठाण्याच्या तज्ज्ञांकडे घेऊन गेले. संध्याकाळी हेमांगी चपला न काढताच आत आली.

"बाबा, फ्रॅक्चर नाहीच! कवटीच्या सांध्यात तिला एक जास्तीचं हाड आहे, नखाएवढं. जन्मापासूनचं. बऱ्याच जणांना असतं म्हणे, त्रास काही नसतो. त्याची कड एक्स-रेत भेगेसारखी दिसते, डॉक्टरही फसतात कधीकधी." ती मटकन खुर्चीत बसली. "आणि मी मावशींना काय काय बोलले! उद्या जाऊन माफी मागते."

म्हणजे आता कुणी काही विचारणार नव्हतं. श्रीपाद "बरं झालं" म्हणाले, पण त्यांचा चहा तसाच गार झाला.

सकाळी हेमांगीच्या आधी तेच मालूच्या घरी पोचले. ती अंगणात जवळा वाळत घालत होती.

"मालूबाई, अंतरा माझ्या हातून पडलेली. गादीवर. त्या दिवशी मी बोललो नाही."

मालूचे हात थांबले नाहीत.

"मना म्हाईत हाय. दारातून बघितला मी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मी सांगितला असता, तर कोनाचा खरा धरला असता, काका?"

 श्रीपादांनी मग तज्ज्ञांनी काय सांगितलं ते सांगितलं. दोष कुणाचाच नव्हता, हाडच तसं आहे. पोर बरी आहे हे ऐकून मालूने डोळे मिटले आणि पदराने तोंड पुसलं.

"सूनबाई येतेय," ते म्हणाले, "माफी मागायला."

"त्यांना सांगितलाव तुमचा?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मंग त्या कशाची माफी मागनार?"

श्रीपाद परतले तेव्हा सोसायटीच्या फाटकाशी हेमांगी रिक्षात बसत होती.

"बाबा, सकाळीच कुठे गेलेलात?"

"रिक्षा थांबव जरा," ते म्हणाले. "तू जायच्या आधी मला तुझ्याशी बोलायचंय."