दोन डावे पंख

मी थापा मारते हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कुणाचं वाईट होईल असल्या थापा नाहीत हो. लहानपणी मगरीच्या पाठीवर बसून नदी ओलांडली, विजेच्या खांबावर अडकलेला पतंग काढायला चढले आणि आलेच आहे वर तर मटार पण सोलून घेतले, असलं. नातवंडं लहान होती तोवर आ वासून ऐकायची. आता चुका काढतात. "आजी, मागच्या वेळी मगर आंधळी होती." असेल. मगरींचं काय सांगता येतं?

तेव्हा आता जे सांगते ते खरं आहे असं म्हटलं, तर तुम्हीही हसाल. हसा. मला मात्र ते आठवलं की अजून हसू येत नाही.

आमचे हे कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. चाळीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंगं काढली. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, बागेत जातात, यांनी विमानं बांधायला घेतली. या वेळचं लढाऊ विमान होतं, खऱ्याच्या पाचव्या हिश्शाचं. धड सोफ्यावर आणि शेपटी टीव्हीसमोर. मी आणि सूनबाई खुर्च्यांवर अंग चोरून बसायचो.

सगळं सामान खोक्यातून तयार आलं होतं. पण यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे भाऊजी, तरुणपणी याच जातीच्या विमानांवर फिटर होते. ते फोनवर म्हणाले, "तुझ्या खोक्यातल्या पंखांची टोकं गोल आहेत. आमच्या विमानाची छाटलेली होती. आणि पंखावर, बंदुकीच्या वर, एक फुगवटा होता. मी स्वतः बसवलाय तो."

झालं. यांनी खोक्यातले तयार पंख उचलून माळ्यावर टाकले आणि म्हणाले, "मी नवीन बांधतो. दादाची नजर आहे तोवर त्याला त्याचं विमान बघू दे." भाऊजींच्या डोळ्यांचा मागचा पडदा खराब होत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाच-सहा महिने फार तर.

पंख कसा बांधतात ते सांगते, कारण पुढची सगळी भानगड तिथेच आहे. पंखाएवढ्या मोठ्या कागदावर ड्रॉइंग काढायचं. ते जेवणाच्या टेबलावर अंथरायचं आणि त्याच्यावरच हलक्या लाकडाच्या बरगड्या टाचण्यांनी उभ्या करून चिकटवायच्या. ड्रॉइंग एकाच पंखाचं काढायचं, डाव्या. उजवा म्हणजे आरशातला डावा, मग दोनदा कशाला काढा? डावा बांधून झाला की कागदाला तेल चोळायचं. कागद पारदर्शक होतो, रेघा मागच्या बाजूने दिसतात. कागद उलटा घालायचा आणि त्याच्यावर उजवा बांधायचा. माझी केसांच्या तेलाची अर्धी बाटली त्यात गेली. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण थोडंच.

डावा पंख सुरेख झाला. मग यांनी कागदाला तेल लावलं, उलटा करून टेबलावर टाचला आणि केस कापायला गेले. आणि मी, चहाचा कप हातात घेऊन, कौतुकाने बघायला गेले.

सांडला. अख्खा कप.

टाचण्या उपटल्या, कागद फडक्याने टिपला, पण सुरकुत्या पडल्या. मग मला शहाणपण सुचलं. इस्त्री! तेलकट कागद आणि गरम इस्त्री. कोपऱ्यावर चर्रर्र झालं, धूर निघाला आणि इस्त्रीच्या टोकाएवढा काळा डाग पडला. त्या कोपऱ्यावर यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. चष्मा नव्हता, वाचलं नाही. कात्री घेतली, कोपरा कापला, कागद परत टाचला. कुठली बाजू वर होती? अहो, दोन्हीकडून सारख्याच रेघा दिसत होत्या. जी जास्त ठळक दिसली ती वर घातली. मला वाटलं, बिचाऱ्यांना नीट दिसेल.

हे घरी आले. टेबलाजवळ उभे राहिले.

"अगं, याचा कोपरा कुठे गेला?"

"कुठला कोपरा?"

"हा. इथे मी काहीतरी लिहिलं होतं."

"छे हो! कागद दुकानातूनच तसा आलाय. रोज मी टेबल पुसते, मला माहीत नाही का?"

हे जरा वेळ कपाळ चोळत राहिले. "असं? मला वाटलं..." आणि बसले कामाला.

किती सहज निघालं तोंडातून! मगरीपेक्षाही सहज.

आठ दिवस हे भिंग डोळ्याला लावून एकेक बरगडी चिकटवत होते. मी रोज चहा नेऊन द्यायची, लांबूनच. मला वाटत होतं, भीती फक्त कोपऱ्याची आहे.

शुक्रवारी दुपारी पंख धडाला लावून बघायचा होता. रविवारी भाऊजी येणार होते. मी स्वयंपाकघरात होते, तर बाहेर एकदम आवाज बंद. यांची सारखी बडबड चालू असते, "ये बाळा, बस जागेवर," असं लाकडाशी बोलतात. ती थांबली.

"अगं, जरा इकडे ये."

गेले. यांनी पंख धडाला लावला होता. चाक आत दुमडायचा खड्डा जमिनीकडे हवा, तो आकाशाकडे. मग फिरवून लावला, तर पुढे हवी ती जाड कड मागे आणि पातळ कड पुढे. सूनबाई पण आली. तिने दोन्ही पंख उचलून शेजारी शेजारी जमिनीवर ठेवले आणि हळूच म्हणाली, "बाबा... दोन्ही डावेच आहेत."

एकाच पायाच्या दोन चपला असाव्यात, तसे दिसत होते.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला.

हे ओरडले असते तर बरं झालं असतं. हे शांतपणे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी कागद उलटा केला होता. मला अगदी आठवतंय. कोपऱ्यावर 'ही बाजू वर' असं लिहिलं पण होतं. पण त्या कागदाला तो कोपराच नाही. म्हणजे मी जे केलंच नाही ते मला आठवतंय." मग सूनबाईकडे बघून म्हणाले, "आईचं असंच सुरू झालं होतं."

माझ्या सासूबाई शेवटी शेवटी स्वतःच्या मुलाला 'तुम्ही कोण, कुणाकडे आलात?' म्हणून विचारायच्या. हे रोज नाव सांगायचे. रोज.

यांनी भाऊजींना फोन लावला. "दादा, रविवारी नको येऊस. नाही, विमान नाही होणार. नाही, नंतर पण नाही." आणि गोंदाच्या बाटल्यांची झाकणं एकेक करून घट्ट लावायला लागले. सूनबाई डॉक्टरचा नंबर शोधायला लागली.

"थांबा!" मी म्हटलं. "मी केलं ते. चहा सांडला. मी इस्त्री केली, कोपरा जळला, तो मी कापला आणि कागद मीच सुलटा टाचला."

सूनबाईने फोनवरून मान वर केली.

"ड्रॉइंगला इस्त्री?" सूनबाई म्हणाली. "आई, पुरे ना आता. ही वेळ आहे का?"

"अगं शपथ!"

"बाबांना बरं वाटावं म्हणून तुम्ही म्हणताय, कळतंय मला."

आणि हे चक्क हसले. इतके प्रेमाने हसले की माझ्या अंगावर काटा आला. माझा हात थोपटून म्हणाले, "मगर पण इस्त्री करत होती का गं?"

पन्नास वर्षांत मला माझ्या थापांची लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. मी खरं सांगत होते आणि माझं खरं, माझ्याच तोंडातून आलं म्हणून, कुणी घेईना.

कोपरा! कोपरा दाखवला की झालं. पण कुठे ठेवला होता मी तो? बटणांचा डबा उपडा केला. उशांचे अभ्रे झटकले. पर्स, औषधांची पिशवी, गादीखाली, देवाच्या फोटोमागे. नाही. कचऱ्यात टाकला असेल तर? तो गाडीवाला कधीच घेऊन गेला. बाहेर सूनबाईचा आवाज येत होता, "हो, वय बहात्तर. हो, विसरतात अलीकडे." यांचं डोकं ठीक आहे हे मला एकटीला माहीत, आणि त्याचा पुरावा जिथे आहे ती जागा मलाच आठवेना!

कंबर धरून शिलाई मशीनवर हात टेकला. मशीन हललं नाही.

आमचं मशीन कायम एका पायावर लंगडतं. टेकलं की खट्. आणि आज हललं नाही. मी खाली वाकले, म्हणजे जवळजवळ पडलेच. मशीनच्या लंगड्या पायाखाली मीच कोंबलेला, आठपदरी घडी घातलेला कागद.

तो घेऊन मी धावत गेले. उलगडून ड्रॉइंगच्या कापलेल्या जागी ठेवला. दात दाताशी बसावा तसा बसला. मध्ये इस्त्रीच्या टोकाचा काळा त्रिकोण, आणि त्याला लागून यांच्या ठसठशीत अक्षरात: ही बाजू व. 'र' जळला होता.

यांनी भिंग डोळ्याला लावलं. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग कान लाल झाले.

"इस्त्री?" हे म्हणाले. "माझ्या ड्रॉइंगला इस्त्री केलीस तू? अगं बाई आहेस की कोण आहेस! आठ दिवस! आठ दिवस मी त्या बरगड्या... आणि वर मला सांगतेस कागद दुकानातून तसा आला? मी वेडा झालो असतो!"

"हो ना," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

"रडू नकोस! आधी ती इस्त्री कुठे आहे ती दाखव, फेकून देतो!"

असा ओरडा मी उभ्या जन्मात खाल्ला नव्हता आणि असा गोडही लागला नव्हता. सूनबाईने फोन ठेवून दिला. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरगड्या धरायला ये. नुसत्या धर. डोकं वापरू नकोस."

तिसरा पंख झाला, उजवा. त्यापुढच्या रविवारी भाऊजी आले. टोकांवरून त्यांनी तळहात फिरवला, मग फुगवट्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "केसभर पुढे बसवलायस. पण मी पण तसाच बसवला होता, साहेब ओरडला होता."

इथे थांबले असते तर छान झालं असतं. पण सगळं खरं सांगायचं म्हटलंय.

काल हे बिजागऱ्यांची डबी शोधत होते. पंखाच्या मागच्या हलत्या फळीला लागतात ना, त्या नखाएवढ्या बिजागऱ्या. टेबल, कपाट, सोफ्याखाली, सगळं उलथंपालथं केलं. "आत्ता हातात होती गं." मी दूध काढायला फ्रीज उघडला. डबी लोण्याशेजारी होती, गार पडलेली. तिच्या शेजारी यांचा चष्मा.

मी डबीला हात लावला नव्हता. आई शपथ, नव्हता.

"सापडली का?" बाहेरून यांचा आवाज. त्यात ती शुक्रवारची शांतता होती.

"अहो, मीच ठेवली फ्रीजमध्ये!" मी ओरडले. "टेबल आवरताना लोण्याबरोबर उचलली गेली वाटतं. चष्मा पण."

"वाटलंच मला! तुझ्या हाताला काही लागू द्यायची सोय नाही या घरात!"

लगेच विश्वास बसला. कोपरा मागितला नाही, काही नाही. परत लाकडाशी बोलायला लागले, "ये बाळा, बस जागेवर."

मी डबी आणि चष्मा पदराने पुसून कोमट केले, आणि मग बाहेर नेऊन दिले.