बेलिफ येईपर्यंत

क्लाइव्ह मॉसपचं वाटोळं व्हावं, एवढी एकच इच्छा ग्लेनिस हार्टशॉर्नने नऊ वर्षं मनात बाळगली होती. पण ती काही देवाला साकडं घालणारी बाई नव्हती. तिने कायदा वाचायला घेतला.

कायदा तसा साधा होता. घरमालकाने कोर्टाचा हुकूम आणला तरी भाडेकरूने जागचं हलायचं नाही. कोर्टाचा बेलिफ येऊन बाहेर काढेपर्यंत घरात बसून राहायचं. तेव्हाच काउन्सिलला, म्हणजे गावच्या नगरपालिकेला, त्या माणसाला छप्पर देणं भाग पडतं. एक दिवस जरी आधी निघालात, तरी तुम्ही आपल्या मर्जीने बेघर झालात आणि सरकार मोकळं.

ग्लेनिस चार दिवस आधी निघाली होती. समुद्रकाठच्या त्या गावात मानी माणसं तसंच करतात. शेजाऱ्यांदेखत आपली गादी रस्त्यावर आलेली कुणाला बघायची असते? तिने ओव्हन घासला, जिना झाडला आणि किल्ल्या ओट्यावर ठेवून ती नवऱ्यासह बाहेर पडली. आधी निघा, असं फोनवर तिला मॉसपनेच सांगितलं होतं. काउन्सिलच्या घरं देणाऱ्या खात्यातला साहेब तो, त्याचं कोण ऐकणार नाही? पुढच्याच आठवड्यात त्याने तिच्या फायलीवर 'स्वेच्छेने बेघर' असा शेरा मारला. फोनचं म्हणाल तर त्याला काही आठवत नव्हतं. फेब्रुवारीत ओल आलेल्या एका कॅरव्हॅनमध्ये, चाकांवरच्या खोपटात, तिचा नवरा केन छातीत कफ भरून वारला.

तेव्हापासून दर मंगळवारी ती चर्चच्या हॉलमध्ये फुकट सल्ल्याचं टेबल मांडून बसायची. येईल त्याला एकच बजावायची, बूड हलवू नका. कुणाला फारच लाज वाटली तर स्वतः त्यांच्या पायरीवर बेलिफ येईपर्यंत बसून राहायची. अशी कितीतरी बिऱ्हाडं तिने मॉसपच्या तावडीतून सोडवली. पण मॉसप काही हाती लागला नाही. वस्ताद गडी, जे काही सांगायचं ते फोनवर, कागदावर अक्षर नाही.

मग एका मंगळवारी टॅम्सिन ओल्ड्रॉइड आली. लॉन्ड्रीत काम करणारी, जेमतेम पंचविशीची, कडेवर दम्याने घरघरणारी पोर. ग्लेनिसने पोरीच्या हातात एक बिस्किट ठेवलं. बेलिफ शुक्रवारी यायचा होता. ती मात्र आजच दुपारी घरमालकाला किल्ल्या देऊन टाकणार होती. घर लख्ख केलंय, पोरीसमोर तमाशा नको, असं सांगत राहिली. आणि काउन्सिलचे साहेबही हेच म्हणाले, म्हणत तिने आपला फोन पुढे केला.

फोनवर मॉसपचा मेसेज होता. मुलीच्या दृष्टीने शुक्रवारच्या आत निघालेलं बरं, नंतर ऑफिसात भेटा. खाली ठसठशीत नाव. निवृत्ती जवळ आली तशी स्वारी आळसावली होती.

ग्लेनिसने तो दोनदा वाचला. नुसत्या मेसेजने त्याचं काहीच बिघडलं नसतं. पण टॅम्सिन त्याचं ऐकून निघाली आणि मग त्यानेच तिला घर नाकारलं, तर तो फासावर चढलाच म्हणायचा. त्यासाठी ग्लेनिसने फक्त गप्प बसायचं होतं.

"मग देऊ ना किल्ल्या?" टॅम्सिनने विचारलं.

"मेसेज तेवढा जपून ठेव," ग्लेनिस म्हणाली. "बाकी तुला योग्य वाटेल ते कर, पोरी."

सगळं तिच्या मनासारखं झालं. मॉसपने नकार दिला. ग्लेनिसने अपील केलं, मेसेज जोडला, त्याने आधी फोनवर फसवलेल्या लोकांच्या जबान्या गोळा केल्या. चौकशी बसली आणि मॉसपला घरी बसवलं. गावच्या पेपरात त्याचा पडलेला चेहरा छापून आला, तो तिने कापून फ्रिजवर लावला. येताजाता ती तो बघायची आणि दर वेळी तिला तितकाच आनंद व्हायचा.

अपिलाचा निकाल लागायला चार महिने गेले. तेवढा वेळ टॅम्सिन एका लॉजच्या खोलीत राहिली. हीटर बंद, खिडकीला फट. पोर दोनदा हॉस्पिटलात गेली, दुसऱ्यांदा ऑक्सिजनवर होती. शेवटी काउन्सिलने दोन खोल्यांचं घर दिलं.

तिथे ग्लेनिस घरी भाजलेला केक घेऊन गेली. टॅम्सिनने चहा ठेवला नाही. निकालाचा कागद टेबलावर होता. किल्ल्या देऊ नका, एवढं कुठल्याही जाणत्या माणसाने सांगितलं असतं, असं त्यात म्हटलं होतं. टॅम्सिनने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. पोर कोपऱ्यात पंप तोंडाला लावून बसली होती.

"हो," ग्लेनिस म्हणाली. "तो माझ्या नवऱ्याच्या..."

"त्याने निदान माझ्या पोरीला बघितलं नव्हतं," टॅम्सिन म्हणाली. "तुम्ही तर त्या दिवशी तिला बिस्किट दिलंत."