न्हाव्याने कापलेली वेल

नवरा न्हावी असला की घरात वाढलेल्या कुठल्याही गोष्टीची धडगत नसते, हे तिला चाळीस वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं. पण त्या सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, ती लेकीकडे गेली, संध्याकाळी परतली, आणि फाटकातच तिच्या हातातली पिशवी गळून पडली.

कठड्यावरून खाली लोळणारी निळ्या फुलांची वेल मानेवरचे केस कापावेत तशी एका रेषेत कापली होती.

"छान मोकळी केली," तो कात्री पुसत म्हणाला. "आता बघ कशी दाट येते."

"दाट? अहो, ते काय गिऱ्हाइकाचं डोकं आहे?"

बारा महिने हिरवी राहणारी ही वेल, पण थंडीपुढे अगदी नाजूक जीव. हिवाळ्याच्या तोंडावर कापली की कोवळे फुटवे येतात आणि पहिल्याच गारठ्यात करपतात. हे तिने जेवताना दहा वेळा सांगितलं होतं. त्याने दहाही वेळा "हं" म्हटलं होतं. वेल तिच्या थोरल्या बहिणीची. वारण्याआधी बहिणीने स्वतःच्या हाताने फांदी मोडून दिलेली. पुढे बहिणीचं घर विकलं गेलं, नव्या मालकाने बागेवर फरशी घातली. आता उरली होती ती एवढीच.

"ताईची होती ती," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. "लक्षातच आलं नाही गं."

"लक्षात! लोकांच्या भांगाची बाजू वीस वीस वर्षं लक्षात राहते तुमच्या!"

कचऱ्यातून तिने अकरा धड काड्या वेचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती थेट दुकानात गेली, आरशाखालच्या पेल्यांतले कंगवे काढून त्याच्या हातात दिले आणि पेल्यांत पाणी भरून काड्या उभ्या केल्या. दुकानात दिवसभर शेगडी असते, ऊब असते.

"कंगवे खिशात ठेवा. आणि कोणी विचारलं तर कापली कोणी, ते खरं सांगायचं."

सगळ्यांनीच विचारलं. त्याने सगळ्यांना सांगितलं.

मग अंगणातल्या बादलीतलं पाणी गोठलं. दोन गोधड्या पांघरल्या तरी वेलीचं खोड काळं पडलं. दुकानातल्या काड्याही एकेक करून सडत गेल्या. तो रोज पाणी बदलत होता, हे तिला ठाऊक होतं. तरी राग तसूभर कमी झाला नव्हता.

एका दुपारी तो धापा टाकत घरी आला. हातात पेला, त्याभोवती गरम टॉवेल. पाण्यात एका काडीला नखाएवढं पांढरं मूळ फुटलं होतं.

"दुकानात कोण आहे?"

"गिऱ्हाईक बसलंय. अर्धी दाढी झालीय."

"मूळ फुटलं म्हणून सुटलात असं समजू नका," ती म्हणाली. "दहा गेल्या. जा, त्या माणसाला तरी अर्ध्यावर सोडू नका."

तो तसाच माघारी दुकानाकडे पळाला. तिने पेला खिडकीपाशी उजेडात धरला, आणि इतके दिवस रागाने अडवून धरलेलं रडू तिला आवरेना.

"ताई," ती म्हणाली, "एक राहिली गं."