नेहमीचा मजकूर

“पंखा फिरतोय, दिवा लागतोय, मग अडलंय कुठं?” वंदनाने विचारलं.

“तेच तर, ताई. पॉवर येतोय, पन उठत नाय.” प्रणय जमिनीवर मांडी घालून बसला होता. शहापूरहून मोटारसायकलवर आलेला हा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. रिकामी खुर्ची दिली तरी त्याने घेतली नाही. वंदनाचे वडील, आप्पा, त्याच खुर्चीतून खाली कोसळले होते, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असावं.

आई, सोनूबाई, दाराजवळच्या बाकावर बसली होती. गिऱ्हाइकांच्या बाकावर. “आधी बटन नीट दाब रे बाबा,” ती म्हणाली. “हे जोरात दाबायचे.”

“दाबला, मावशी. बटनात काय नाय.”

मुरबाडच्या तहसील कचेरीमागच्या बोळात नरेंद्र रोकड्यांचं, म्हणजे आप्पांचं, हे टायपिंगचं दुकान. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका आणि माणूस गेल्यावर वाटायची कार्डं. ज्या घरांत आप्पांना अंगणातूनच परत पाठवायचे, त्या घरांच्याही पत्रिका त्यांच्याच हातच्या असायच्या. मौतीचं कार्ड करायला कुणी आलं की ते त्याला पाणी द्यायचे आणि अदबीनं पहिला प्रश्न विचारायचे, “तुमच्याकडं काय म्हणायचं?” कुणाकडे कैलासवासी म्हणतात, कुणाकडे वैकुंठवासी, कुणाकडे मरहूम. आपल्या बौद्ध घरांत कालकथित. कुणाच्या दारात आत्मा आहे आणि कुणाच्या दारात नाही, हे आप्पांना चुकूनही चुकवायचं नसायचं.

आता गावी टोकावड्याला त्यांचं स्वतःचं पुण्यानुमोदन परवावर आलं होतं. कार्डाचा मजकूर या कॉम्प्युटरच्या डब्यात होता. आज्याच्या वेळी आप्पांनी जुळवलेला. नंतर तालुक्यातल्या कितीतरी बौद्ध घरांत तोच गेला, पण असली कार्डं कुणी जपून ठेवत नाही, एकही सापडलं नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं, पण आप्पा मोठ्यानं वाचून दाखवायचे म्हणून तिला त्याचा सूर ठाऊक होता. तिचं एकच मागणं होतं. त्यांचं कार्ड त्यांच्याच शब्दांत निघावं. वंदनाने आठवून पाहिलं होतं. ‘कालकथित’च्या पुढे तिची गाडी जात नव्हती. शब्द सुचत होते, नाही असं नाही. एवढी पुस्तकं वाचलेली. पण ते तिचे होते.

प्रणयने पुन्हा बटण दाबलं. आतून बारीक शिट्ट्या आल्या. “रॅम बोंबलतेय,” तो म्हणाला. त्याने एक हिरवी पट्टी उपसून काढली, तिचे पिवळे दात खोडरबराने घासले, फुंकर मारून परत खटकन बसवली. या वेळी शिट्टी वाजली नाही. काळ्या पडद्यावर कंपनीचं नाव उजळलं.

“आला!” सोनूबाई उठून उभी राहिली.

नाव विझलं. काळ्यावर पांढरी इंग्रजी ओळ उरली.

“काय बोलतंय?” आईने विचारलं.

“बोलतंय, कशावरनं सुरू होऊ ते सापडत नाय.” प्रणयने वायर बदलली, दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, सेटिंगमध्ये शिरून यादी बघितली. यादीत डिस्कचं नाव नव्हतं. मग त्याने स्क्रू काढून डिस्क वायरीसकट हातात धरली, मशीन चालू केलं आणि ती कानाशी नेली. मग वंदनाच्या कानाशी धरली. टक्. टक्. टक्. आत काहीतरी पुन्हापुन्हा निघत होतं आणि पुन्हापुन्हा आपटत होतं.

“आप्पा पडले तवा मशीन चालू व्हती ना? मेन स्विच पाडला आसंल कुनी.”

शेजारच्यांनीच पाडला होता. शटर ओढायच्या घाईत. आप्पांना उचलणारे हातही त्यांचेच होते, म्हणून कुणाला काही म्हणायची सोय नव्हती.

“मुंबईला लॅबमध्ये देता येईल. पन टाइम लागतो. आनि गॅरंटी कोनच देत नाय.”

“परवा कार्यक्रम आहे,” वंदना म्हणाली.

तेवढ्यात अनिकेतचा फोन आला. तिचा धाकटा भाऊ, कल्याणला नोकरीला. “ताई, त्या डब्याच्या नादी कशाला लागलीस? मी फोनवरच ऑर्डर टाकली. कार्डं आज मिळतील, बॅनर सकाळीच लागलासुद्धा नाक्यावर.”

“मजकूर कुणी दिला?”

“त्यांच्याकडं तयार असतो गं. त्यानं विचारलं, नेहमीचाच ना? मी बोललो, हो, नेहमीचाच.”

“नेहमीचा म्हणजे कुणाचा, अनिकेत?”

“कुणाचा म्हणजे? सगळ्यांचा. ठेवतो, साहेब आलेत.”

माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत आई खिडकीशी बसली. अनिकेत फोनवर काय बोलला, ते वंदनाने तिला सांगितलं नव्हतं.

टोकावड्याच्या नाक्यावर उतरताच बॅनर समोर आला. आप्पांचा निळ्या सदऱ्यातला फोटो, कडेने झेंडूची छापील माळ. वर ॐ. खाली, कै. नरेंद्र महादू रोकडे. त्याखाली, ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो.

ढाब्यावाला महिपत हात पुसत बाहेर आला. “वहिनी, मीच बांधला. वारा लय हाय, म्हनून चारी बाजूंनी तार मारलीय. बरा लागलाय ना?”

“बरा लागलाय, भाऊजी,” सोनूबाई म्हणाली.

तो आत गेल्यावर ती फोटोखाली जाऊन उभी राहिली. “वाच गो. काय लिवलंय?”

वंदनाने बॅनरकडे बघितलं. घसा साफ केला. “कालकथित नरेंद्र महादू रोकडे,” ती वाचू लागली. “यांचं जाणं निसर्गाच्या नियमानं झालं. दिवा विझतो, पण त्यानं दाखवलेली वाट विझत नाही. त्यांच्या पुण्यस्मरणासाठी आपण सर्वांनी यावं.” वाचताना तिने बोटही फिरवलं, ओळीवरून ओळीवर.

आईने पूर्ण ऐकून घेतलं.

“चांगलं हायत,” ती म्हणाली. “पन हे शब्द तुजं हायत. त्यांचं नाय.”

वंदनाने बॅनरवरचं बोट खाली घेतलं.

“मला अक्षर येत नाय गो. पन त्यो वरचा ओम वळखते मी. जल्मभर देवळाच्या भायरून बघितलाय.”

एक ट्रक घाटाकडे गेला. बॅनर फुगला, तारांनी त्याला ओढून परत जागेवर आणलं.

“आनिकेतला बोलू नको काय,” आई म्हणाली. “त्याला ठावंच नाय. ह्यांनी त्याला कदी दुकानात बसवलाच नाय. बोलायचे, त्यानं मोठ्या हापिसात बसावं.” तिने उन्हासाठी पदर डोक्यावर घेतला आणि वस्तीच्या वाटेला लागली.

वंदना थांबली. तिने खालची ओळ पुन्हा वाचली, मग वरची, मग नाव, एकेक अक्षर. वेलांट्या, उकार, अनुस्वार सगळे जागच्या जागी होते. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.