गल्लीतला टीव्ही

आमच्या खात्याचं काम ऐकायला सोपं आहे. शहराचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा म्हणजे दोन-चार गल्ल्या, आणि कुठल्या तुकड्यात माणसांची किती ओढाताण चालली आहे ते मोजायचं. घरात काय आहे, काय नाही, ते दारोदार विचारायचं. जिथे ओढाताण जास्त, तिथे सरकारी दवाखाना आधी. आणि या सरळ हिशेबात माझ्या आत्याची गल्ली चक्क सुखवस्तू ठरली.

मी तो कागद साहेबांच्या टेबलावर आपटला. "साहेब, तिथली घरं एकमेकांना टेकलीत म्हणून उभी आहेत. ती गल्ली सुखवस्तू?"

"जवळजवळ प्रत्येक घरात टीव्ही आहे, बाई. आकडे काय मनचं सांगतात?"

"तिथे माझी आत्या राहते."

"मग फेरतपासणीला तुम्हीच जा. तुमच्याशी कोण खोटं बोलणार? पण उद्याच जा, परवा निकाल वर जातोय."

निकाल तसाच वर गेला असता, तर गल्लीच्या तोंडाशी असलेला दवाखाना उचलून दुसरीकडे नेला असता. एवढीशी खोली, एक डॉक्टरीण, एक नर्स. पण आत्याच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नाही आणि तिची मलमपट्टी त्याच खोलीत होते. लांबच्या दवाखान्यात ती जाणार नाही. पाय गेला तरी चालेल, पण कोणाला 'मला घेऊन चल' म्हणणार नाही. आमच्या घराण्यात बाकी काही नसलं तरी नाक मोठं आहे.

सकाळी कोपऱ्यावरच्या शिंप्यापासून सुरुवात केली. टीव्ही होता. मग इस्त्रीवाल्याकडे गेले. तिथेही टीव्ही होता, आणि त्याच्या कडेला चांदणीचं स्टिकर होतं. मी थबकले. ती चांदणी माझ्या लेकीनं चिकटवलेली, आत्याच्या टीव्हीवर.

पुढचं घर गवंड्याचं. त्याच्या बायकोनं दार उघडायला भलताच वेळ लावला. आतून खुडबुड, कोणीतरी "हळू, हळू" म्हणतंय. दार उघडलं, तर तीच चांदणी, आणि वायर जमिनीवर लोळतेय.

"लावा की जरा, बातम्या बघू," मी म्हटलं.

"लाइट गेलीये हो," ती म्हणाली. तिच्या डोक्यावर पंखा गरगरत होता.

मी तिच्या घरातून आरपार चालत मागच्या बोळात उतरले. तिथे घामाघूम झालेले शिंपी आणि इस्त्रीवाला, आणि त्यांच्यामध्ये काठी टेकून, पायाला पट्टी बांधलेली माझी आत्या.

"मागच्या वेळीही हाच उद्योग केलात ना?"

"मग? परक्या माणसाला रिकामी घरं दाखवायची?" आत्या म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या मुठीपायी तुमचा दवाखाना हातचा चाललाय. झाकलेल्या मुठीत औषधाची गोळी कोण ठेवणार?"

"दवाखाना?"

"हो. तुम्ही सुखवस्तू ठरलात."

"बायकोला सांगतो, तिला माहीतच नाही," शिंपी पुटपुटला. कोणी हसलं नाही. मला भयंकर राग आला होता, आणि त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं हे कळत होतं, त्याचा जास्त राग आला होता.

आत्यानं एकदा पायाच्या पट्टीकडे बघितलं. मग तिनं काठी आपटली. "टीव्ही माझ्या घरी नेऊन ठेवा. आता ही विचारेल ते खरं सांगायचं. जो फुशारकी मारेल, त्याच्या घरी मी मुक्कामाला येईन."

तरी कोणी पुढे येईना.

"ठीक आहे. माझ्यापासून सुरू कर," ती म्हणाली.

तिच्या दारात अर्धी गल्ली गोळा झाली. मी धडाधड विचारत गेले. टीव्ही? आहे, भाचीनं दिलाय. पाणी? खालच्या नळावरून, शेजारीण आणते. छत? गळतं. पुढचा प्रश्न मला पाठ होता, आणि पेन 'नाही'वर टेकलंसुद्धा होतं. दर रविवारी मी तिच्याकडे जेवते. ती मला भरभरून वाढते आणि स्वतः म्हणते, माझं आत्ताच झालं.

"गेल्या महिन्यात घरात खायला नाही म्हणून कधी उपाशी झोपावं लागलं?"

"हो," आत्या म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "शनिवारी."

"शनिवारीच का?" हा प्रश्न माझ्या कागदावर नव्हता.

"रविवारी तू येतेस ना."

माझं पेन अजून 'नाही'वरच टेकलेलं होतं.

"लिही," आत्या म्हणाली. "हात का थांबला? पाय वाचवायचाय मला."

मी लिहिलं. मान वर केली, तर गवंड्याची बायको पुढे येऊन उभी होती.

"आमच्याकडे टीव्ही नाही, ताई," ती म्हणाली. "लिहून घ्या."