बांधलेला खटका

लोकांच्या निष्काळजीपणावर अहवाल लिहिणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. विमा कंपनीत जळालेल्या घरांचे दावे त्याच्या टेबलावर यायचे आणि तो चष्मा पुसून लिहायचा, 'दोष मालकाचा.' पण दिव्याखाली अंधार असतोच, आणि याच्या घरी तर दिवाही टिकत नव्हता.

वीज कुठे गळली की आपोआप ती तोडणारा सेफ्टी स्विच घरोघरी बसवण्याचा कायदा झाला, तेव्हा यानं शेवटच्या मुदतीपर्यंत चालढकल केली. अखेर धाकट्या मेहुणीनं, तिचा धंदाच वायरिंगचा, तो बोर्डात बसवून दिला. तेव्हापासून वॉशिंग मशीन लावलं की अधूनमधून त्याचा खटका पडायचा आणि घरभर वीज गुल. मेहुणीशी त्याचे खटके आधीपासूनच उडायचे. तिला फोन करायचा म्हणजे 'भावोजी, तुम्ही काहीतरी केलं असणार' हे ऐकणं आलं. त्यापेक्षा त्यानं स्वतःचं डोकं चालवलं. चालवायला नको होतं. खटका वर ढकलून त्यानं तो चिकटपट्टीनं करकचून बांधला, बोर्डाचं झाकण लावलं आणि शीळ घालत चहा प्यायला बसला.

रविवारी बायको धुतलेले कपडे काढायला बाथरूममध्ये गेली. "आई गं!" एवढंच ऐकू आलं आणि पंखा थांबला. हा धडपडत धावला. बायको फरशीवर बसून हात झटकत होती.

"अहो, शॉक बसला मला मशीनचा!"

ती बोलतेय हे पाहून त्याच्या जिवात जीव आला, आणि मग बोर्डातली चिकटपट्टी आठवली. खटका बांधणारे हात त्याचेच होते. या खेपेस मेहुणीला फोन लावताना त्याला मानापमान आठवला नाही.

मेहुणीनं येताच मशीन पुढे ओढून मागची वायर दाखवली. घासून घासून ती उघडी पडली होती.

"खटका उगाच पडत नव्हता, भावोजी. सांगत होता बिचारा."

मग तिनं बोर्डाचं झाकण उघडलं. खटका चिकटपट्टीखाली दिमाखात वर उभा होता. बायकोनं पट्टीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मीच बांधला," तो कसाबसा म्हणाला. "आज मी तुला घालवलीच होती."

"घालवली असतीत," मेहुणी म्हणाली, "पण तुमची अक्कल इथं चालत नाही. वरून कितीही बांधा, तो आतून सुटतोच आणि वीज तोडतो. मुद्दाम तसा बनवतात."

"मुद्दाम? ते का?" बायकोनं विचारलं.

"अगं ताई, घरोघरी मातीच्या चुली, तसे घरोघरी भावोजी. बनवणाऱ्यांना माहीत असतं."

एरवी एवढ्यावर त्यानं आठवडाभर अबोला धरला असता. आज मात्र, कुठल्याशा अनोळखी माणसानं आपल्याला आधीच मूर्ख धरून ठेवलं होतं, याचं त्याला रडू फुटेल इतकं बरं वाटलं.